आजाराचा रकाना

प्रिय संघमित्रा,

माझे फोन तू घेत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. अंधेरीच्या दुकानाचा पत्ता अक्षताने दिला, तुझ्याच बॅचची ती. तिच्यावर रागावू नकोस, आधी तिने चक्क नाही म्हटलं होतं. दिवसभर उभं राहून तू मिक्सर विकतेस, हेही तिनेच सांगितलं. विमा एजंटची परीक्षा एका फटक्यात पास झालेली, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. ऐकल्यावर दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

बातमी म्हणशील तर गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. विमा व्यवसायात सगळ्यात जास्त मुली आणल्या, घडवल्या म्हणून. पडद्यावर तुमच्या बॅचचा फोटो दाखवला. तू पहिल्या रांगेत होतीस. निवेदक म्हणाला, या मॅडम आपल्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात. मी माइक घेतला आणि आभार मानून खाली बसले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी आभार मानलेच.

तुम्हा मुलींवर माझा जीव होता, हे खोटं नाही गं. मी मुलुंडच्या ऑफिसात लागले तेव्हा तिथे बायकांसाठी बाथरूम नव्हतं. संध्याकाळी घरी जाईपर्यंत मी पाणीच प्यायचे नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून मी साहेबांशी भांडभांड भांडले. पुढे त्याच साहेबांना दरमहा आकडा दाखवायची वेळ आली आणि मला टार्गेटशिवाय काही दिसेनासं झालं. ते माझं मलाही कळलं नाही, असं म्हणणार नाही. कळत होतं.

अंबादासकाका तुझे पहिले ग्राहक. घाटकोपरला तुमच्याच मजल्यावर राहणारे, टेम्पो चालवणारे. त्यांनी साखरेच्या गोळ्यांचं पाकीट स्वतःहून तुझ्यासमोर ठेवलं होतं. तू गॅलरीत जाऊन मला फोन केलास, की मॅडम, आजाराच्या रकान्यात मधुमेह लिहू ना? मी म्हणाले, अगं, साखर कोणाला नाही? लिहिलंस तर तपासण्या निघतील आणि महिनाअखेरीची वाट लागेल. ‘नाही’ लिही आणि सही घेऊन ये. तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी ओरडले.

दीड वर्षात काका हार्ट अटॅकने गेले. आजार लपवला म्हणून कंपनीने लताबाईंचा दावा फेटाळला. चौकशीला तू खरं ते सांगितलंस, की काकांनी काही लपवलं नव्हतं, मॅडमनी सांगितलं म्हणून मी ‘नाही’ लिहिलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, मुलगी नवी आहे, घाबरली आहे, असा फोन आल्याचं मला आठवत नाही. साहेब तुला म्हणाले, तोंडी सांगितलेलं आम्ही धरत नाही, फॉर्मवर अक्षर तुमचं आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी फाइल बांधायला घेतली. तुझी एजन्सी गेली. जिन्यात भेटल्या तरी लताबाई तुझ्या आईशी बोलेनाशा झाल्या. मुलीच्या कमिशनसाठी आमचं घर बुडवलं, असं त्या चारचौघांत म्हणाल्या. हे सगळं मला कळत होतं. तुला हाक मारायची हिंमत मात्र झाली नाही.

परवा मी लताबाईंकडे गेले. दारातच सगळं सांगितलं. त्यांचा दावा आता विमा लोकपालांकडे आहे. त्यासाठी मी माझा जबाब लिहून दिलाय, की काकांनी आजार सांगितला होता आणि तो लिहू नकोस असं मीच म्हटलं होतं. दावा मंजूर होईलच असं नाही. माझी नोकरी राहील असंही वाटत नाही. लताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, हे त्या पोरीला कळवलं का? मी म्हणाले, जाऊन भेटते, सांगते. त्या म्हणाल्या, सांगू नको. तुमच्या ऑफिसात तोंडाचं कोण धरत नाही ना? मग तिला लिहून दे, सहीसकट. मी तिच्या आईला काय काय बोलले, ते मला परत घ्यायचंय. कोणाचं ऐकून घेणार नाही ती माउली, कागदच दाखवावा लागेल. म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही, ती मागत नाही. हे आईला दाखव, लताबाईंना दाखव, कंपनीला दाखव. तू स्वतःहून काहीच लपवलं नव्हतंस. ‘नाही’ हे अक्षर तुझं होतं, शब्द माझा होता. खाली पूर्ण नावाने सही करते आहे, तारीखही घातली आहे.

तू मानलंस तर तुझीच,
सुनंदा राजाराम वैशंपायन
मुलुंड पूर्व, १४ फेब्रुवारी २०२५