छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना

बाभुळगाव, बुधवार, डिसेंबर १९६०

छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना हवा का, असं जिल्ह्याच्या साहेबांनी आम्हां ठाणेदारांना विचारलंय. मी उत्तर लिहून ठेवलं होतं: खेळणं आहे, गरज नाही. आणि काल पाटलाच्या जावयानं पोपटावर नेम धरला, तो छर्रा कापूस वेचणाऱ्या शेवंताबाईच्या भुवईत घुसला. डोळा गेला असता तर? दिवसभर तेच मनात. खेळणं कसं लिहिलं मी?

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली.

"बाई, दिसतं का?" मी विचारलं.

"दिसून राह्यलं नं सायेब. तुमची दाढी कराची राह्यली."

हसू आलं, डोळेही भरले. घरी येऊन आधी तो कागद फाडला. नवा लिहिला: परवाना हवाच, बंदूक कोणाच्याही जावयाची असो.