एकटीने मोऱ्याला

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज परत तेच! माझा भाऊ एलाद कॉलेजमधून आला, दप्तर टाकलं, सायकल घेऊन गायब. कुठे, कधी – कोणी विचारत नाही. आणि मी कोपऱ्यावरून पेन आणते म्हटलं तर मम्मी – "थांब, पप्पा येतील, मग जा."

सप्टेंबरात मला बारा वर्षं पूर्ण झाली. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझ्झनकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "जेरुशा, आजपासून तुझं पाप तुझ्या माथी, आईबापांच्या नाही." वा! पाप माझं मी करायचं, रस्ता मात्र सुदामकाकांच्या रिक्षाने ओलांडायचा.

सुदामकाकांना आज सांगून टाकलं – एक दिवस मी एकटी मोऱ्याला जाणार, पार उरणच्या बंदरावर. एलाद तिथून लाँचने मुंबईला गेला होता, ती लाँच मला बघायचीय. हसले. "जाशील गो. पाय हायत ना तुला!" चार वर्षं ते मला शाळेत नेतात-आणतात. असं बोलणारे फक्त तेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेले!!!

शाळा सुटल्यावर सुदामकाकांना म्हटलं, "आज पप्पा न्यायला येणार आहेत." त्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग समृद्धीला आणि रिक्षातल्या बाकीच्या दोघांना घेऊन निघून गेले. मी चालत एस.टी. स्टँडवर. उरणची गाडी किती वेळ लागेचना. कंडक्टरने विचारलं, "कोणाबरोबर आहेस?" "एकटी!" हा शब्द मोठ्याने म्हणायला काय मजा येते. खिडकी माझी. गव्हाण फाटा मागे पडला तेव्हा मला उगाचच हसू फुटलं.

उरणहून शेअर रिक्षाने मोऱ्याला. धक्क्यावर जाऊन बघते तर – ओहोटी! लाँच बंद. नुसता चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. पण मला तो चिखलसुद्धा आवडला. बाकावर बसून डबा खाल्ला. एक मासळीवाली म्हातारी म्हणाली, "कुनाची गो तू? त्याच्यासंगं आलीस का?" – आणि मागच्या चहाच्या टपरीकडे हात केला. मी मागे बघितलंसुद्धा नाही. ताठ मानेने सांगितलं, "मी एकटी आलेय."

परतीच्या गाडीत आठवलं, माझी पाण्याची निळी बाटली बाकावरच राहिली. राहू दे!

रोज मी किल्लीने दार उघडते, मम्मी सहाला येते. मी पावणेसहाला पोचले. पण दार उघडंच. आत मम्मी, पप्पा, एलाद, शेजारच्या दमयंतीकाकू – सगळे! मम्मी नेमकी आज चारला आली होती. मला बघून ती चपलांच्या स्टँडवर बसलीच आणि रडायला लागली. माझ्या तोंडातून निघून गेलं – "मला दोन मिनिटं उशीर झाला, सुदामकाका थांबलेच नाहीत. मग चालत निघाले आणि रस्ता चुकले. पार पळस्प्यापर्यंत गेले."

सगळ्यांना पटलं. चार वर्षांचा रस्ता मी चुकले, हे लगेच पटलं! त्याचाही राग आला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार (दुपारी)

सकाळी पप्पांनी सुदामकाकांना बिल्डिंगच्या गेटपाशी गाठलं. मी मागेच उभी. "चार वर्षं पोरगी तुमच्या भरवशावर सोडली! आणि बायको फोनवर फोन करतेय, तर उचलायचासुद्धा नाही?"

मला वाटलं, आता सांगणार – तीच म्हणाली पप्पा येणार म्हणून. मेलेच मी! पण सुदामकाका म्हणाले, "चुकलं माजं, साएब." एवढंच. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. बांधलेलीच होती.

तेवढ्यात समृद्धी – दुसरीत आहे ती – सगळ्यांसमोर म्हणाली, "पण ताई, तूच काकांना बोललीस ना, पप्पा येणार?" मी म्हटलं, "ते बुधवारी गं. तुला अजून वार कळत नाहीत." ती बिचारी बोटांवर वार मोजायला लागली. तिला सोडायला आलेल्या तिच्या मम्मीने तिलाच दटावलं.

पप्पांनी सांगितलं, आजपासून येऊ नका. समृद्धीची मम्मीपण तेच म्हणाली. बाकीच्या दोघांनीही रिक्षा बंद केली.

मी किती वाईट आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार. लिहायचं नसतं, बरंच झालं. पण विचार करायला कुठे बंदी असते? शुक्रवारी दिवे लावल्यावर मम्मीने माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मला मान वर करवेना.

आणि आज कळलं – मी सापडत नव्हते तेव्हा मम्मी एलियाहू हन्नबीला – नवसाला पावणारा आमचा प्रेषित – मलिदा बोललीय. पोर सुखरूप घरी येऊ दे म्हणून. पुढच्या रविवारी, सगळ्यांना बोलावून. मी म्हटलं, "नको ना गं." तर म्हणाली, "बोललेला नवस फेडायचा नाही? काहीतरीच तुझं!"

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता एलादच्या कॅरिअरवर बसून शाळेत. नाक्यावर सुदामकाकांची रिक्षा, रिकामी. मी एलादच्या पाठीत तोंड खुपसलं.

३० नोव्हेंबर, रविवार

मलिदा झाला.

पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची – एरवी त्या वासाने मी ताटाभोवती घुटमळते. आज लांबच बसले. हझ्झनकाकांनी प्रार्थना म्हटली. सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते, इतक्या प्रेमाने! माझ्या थापेसाठी देवाचे आभार मानत होते. पहिला घास मला दिला. मी तो हातातच धरून ठेवला. दमयंतीकाकू म्हणाल्या, "अजून घाबरलेली आहे बिचारी." तो घास मी पाण्याबरोबर ढकलला.

जेवताना पप्पा कोणाला तरी सांगत होते, "सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकलंय त्याचं नाव. आता कोणी पोरं देणार नाही त्याला." पप्पांना वाटतं त्यांनी चांगलंच काम केलं.

पाहुणे गेल्यावर ठरवलं, सांगायचंच. पप्पांसमोर जाऊन उभी राहिले. "काय गं?" "काही नाही." आणि परत आले. भित्री! मोऱ्यापर्यंत एकटीने जाता येतं, आणि एवढं एक वाक्य बोलता येत नाही. लाज वाटते स्वतःची. खरंच लाज वाटते.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी मम्मीने आल्या आल्या पर्समधून निळी बाटली काढली. माझी. स्वच्छ घासलेली. "खाली गेटवर सुदाम भेटला. 'रिक्षात राह्यली व्हती पोरीची' म्हणाला."

रिक्षात नव्हती राहिली. मोऱ्याच्या बाकावर राहिली होती.

म्हातारीने दाखवलेला, टपरीवरचा तो माणूस. आणि मम्मीचा न उचललेला फोन – बसच्या मागे रिक्षा चालवताना कसा उचलणार!

मी एकटी गेलेच नव्हते.

पप्पा हॉलमध्ये आहेत. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, परत "काही नाही" म्हणेल. म्हणून ही वहीच त्यांच्या हातात द्यायला चाललेय.