फ्रान्सचा राजा, मुक्काम भोईवाडा

प्रिय संघमित्रा,

गेले काही रविवार तुझा फोन नाही. मनवाचा आला होता, पण तो तिने तुझा मोबाइल गुपचूप घेऊन केलेला. तिला रागावू नकोस. लिस्बनच्या शाळेत त्यांना मॅन्युएल राजा शिकवलाय आणि त्याचं बिरूद पोरीला आजोबांकडून मराठीत हवं होतं. इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी! मी म्हटलं, एवढं नाव पुकारेपर्यंत याच्या ताटातला भात गार होत असेल. ती खूप हसली. मग सांगितलं, की हा स्वामी हिंदुस्थानात एकदाही आला नाही, घरबसल्या मालक झाला. पुढे त्याच देशाच्या एका राजकन्येच्या लग्नात आपली मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. त्या नवराबायकोनेही ती कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

तुला ठाऊकच आहे, महापालिकेच्या शाळेत मी जन्मभर असल्याच राजांची टिंगल केली. त्यातही इंग्लंडवाल्यांची जास्त. फ्रान्समधला शेवटचा तुकडा हातचा गेला, तरी पुढची दोनेकशे वर्षं त्यांच्यातला जो गादीवर येई तो स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेई. मुलूख गेला, मिजास गेली नाही, असं मी वर्गात म्हणायचो आणि पोरं बाकं बडवायची. आता मला ते मिजासखोर वाटत नाहीत. धम्मपाल करोनात गेला. ज्याच्यामुळे मी तुझा सासरा, तोच राहिला नाही. तरी तू मैत्रिणींना व्हिडिओवर मला दाखवून ‘हे माझे सासरे’ म्हणतेस, तेव्हा पुढचा आठवडा बरा जातो. ते म्हणणारं कुणी उरेल की नाही, याची हल्ली धास्ती वाटते. स्पष्टच लिहितो, लपवून काय करू?

इकडे समोरची चाळ पाडून टॉवर उठतोय, गॅलरीत वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. तुझ्या सासूचा गुडघा कुरकुरतोच. तरी कांता कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन सुके बोंबील आणते, निवडते, तुझ्या नावाचा डबा भरते. तिकडे जाणारा कुणी भेटला की विचारते. सामानाला वास लागेल म्हणून सगळे हसून टाळतात, आणि शेवटी ते बोंबील आम्हीच खातो. तुझ्याशिवाय ते घशाखाली नीट उतरत नाहीत.

तुझ्या ऑफिसातला अजित सुट्टीवर आला होता, तेव्हा तू दिलेलं गुडघ्याचं मलम घेऊन आला. दादरचा मुलगा, बोलायला मोकळा, पण आमच्याकडे खुर्चीच्या कडेवर बसला. धम्मपालच्या फोटोपुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. निघताना त्याने आपणहून विचारलं, “काकू, तो बोंबलांचा डबा देता का? संघमित्राला आवडतात.” कांताने चार पिशव्यांत गुंडाळून दिला. तो जिना उतरल्यावर मला म्हणाली, “अहो, कपड्यांच्या बॅगेत बोंबील घालून नेतो तो नुसता ऑफिसातला नसतो हो.” म्हणाली, हसली आणि मोरीत जाऊन रडली. मी तिला अडवलं नाही, मलाही कुठेतरी जायला हवं होतं.

त्यानंतर तुझे रविवारचे फोन थांबले. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू गप्प बसलीस, एवढं कळायला इतिहास शिकवावा लागत नाही. फोन वाजला की कांता अजून पदराला हात पुसत धावते.

म्हणून हे पत्र. बाळा, लग्न कर. धम्मपालची आठवण आम्ही दोघं सांभाळतो, तू तिची राखण करत बसू नकोस. लग्न इथे आपल्या विहारात झालं तर कांताला फार आवडेल, पण तो हट्ट नाही. माझं मात्र एक मागणं आहे. तुझे वडील आता नाहीत, पत्रिकेत त्यांच्या नावामागे कालकथित लागेल, त्याच्याखाली माझं नाव घाल. सासरा म्हणून नको. तुझ्या पहिल्या लग्नात मी मुलाकडचा होतो. या वेळी मला मुलीकडचा म्हणून उभं राहायचंय.

तुझाच,
पप्पा