सात दिवस गैरहजर

२७ जुलै, रविवार
आजची लढाई जिंकलो. खरं तर शंभूने जिंकली, बाकी आम्ही एकोणपन्नास जण प्रेक्षक. माझा गड पडायच्या बेतात असताना याची कुमक आली, तीही न मागता. वर मेसेज : 'मॅडम, उत्तरेची भिंत कच्ची आहे.' तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवून झाल्यावर, बावन्नाव्या वर्षी, कोणीतरी माझी भिंत तपासतंय. बरं वाटलं.
वि. चहा घेऊन आला. "काय राणीसाहेब, राज्य सुरक्षित?" नवरा सुडोकू सोडवतो तो छंद, मी फोनवर गड लढवते ते व्यसन. हा भेद कुठल्या शास्त्रात सांगितलाय, शोधायला हवं.

३१ जुलै
शंभू टोळीत आला जूनच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ हजर. जिग्नेश, म्हणजे आमचा उपसेनापती (घाटकोपर, हार्डवेअरचं दुकान), आज फोनवर : "दीदी, हा माणूस कामधंदा काय करतो? दिवसभर ऑनलाइन!" मी म्हटलं, "तुला कसं कळलं? तूही असतोस म्हणून ना?"
शंभू मागे एकदा म्हणाला होता, रंगकाम चाललंय. रंगारी असावा. एवढ्या पावसात कसलं रंगकाम, देव जाणे. विचारलं नाही. टोळीत कोणी कोणाला असलं विचारत नाही, हीच तर मजा. स्टाफरूममध्ये माणूस आडनावापासून सुरू होतो, मग पार्ले की मुलुंड, मग मुलगा कुठल्या देशात. इथे फक्त भिंत कशी बांधता आणि कुमक देता का, एवढंच.

५ ऑगस्ट
नियमावली पुन्हा वर चिकटवली. सात दिवस गैरहजर म्हणजे बाहेर. सवलत : परीक्षा, गणपती, दिवाळी, आजारपण, घरात कोणी गेलं तर तेरा दिवस. गेल्या वर्षी मीच लिहिली, चहा निवायच्या आत. जिग्नेश : "एकदम टाइट रूल्स, दीदी." स्तुती आवडली, नाकारणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार
हरलो. वाईट हरलो. शंभू नव्हता. कालपासून नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
सात दिवस पूर्ण. तीन मेसेज केले, उत्तर नाही. जिग्नेश : "उद्या लढाई आहे दीदी, जागा अडवून बसलाय. नियम म्हणजे नियम ना?" माझंच वाक्य मला ऐकवलं.
बटण दाबलं. गेम विचारतो, 'नक्की?' हो म्हटलं. मग लाल ओळ : 'शंभू यांना टोळीतून काढण्यात आले आहे.' कोणी काढलं ते लिहीत नाहीत. सोयीचं आहे.
टोळीत तिघांनी रडका चेहरा टाकला. मी नाही टाकला. सेनापतीने टाकायचा नसतो.

१९ ऑगस्ट
दुपारी मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते.
'मॅडम, आज दर्यावरनं आलो. दहा दिवस रेंज नाय. गेम खोलला तर टोळीच नाय. आमचं काय चुकलं?'
दर्यावरनं?
संध्याकाळी शेजारी परबवहिनींकडे गेले. त्या बांगडे साफ करत होत्या. आमच्या घरात मासे येत नाहीत, म्हणून त्यांच्याच ओट्याशी उभं राहून विचारलं, की मासेमारीला जाणारा माणूस जून-जुलैत घरी का असतो. विळी थांबली.
"अगो सुमेधा, पावसात दर्या बंद नाय? बोटी वर काढतत, रंगवतत, जाळी विणतत. नारळी पौर्णिमेक नारळ सोडलो की मगे जातत. इतक्या वर्षांत तुका म्हायत नाय?"
"आमच्याकडे त्या दिवशी नारळीभात करतात."
"तर काय! भात खाल्लंस, नारळ खंय गेलो ता बघूक नाय."
हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र हसू टिकलं नाही.

२० ऑगस्ट
टोळीतले जुने मेसेज चाळले. सापडलं. ७ ऑगस्टला त्याने लिहिलं होतं : 'उद्या पूजा. परवापासून कामावर. आता हजेरी कमी.' खाली जिग्नेशचा अंगठा आणि माझे जोडलेले हात. म्हणजे सांगितलं होतं. कसली पूजा, कसलं काम, दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. न विचारण्याची मजा लिहिणारी ती मीच.
आणि ती सवलतींची यादी. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचे लाल चौकोन, दुसरं काय. मार्चमध्ये पेपर तपासताना मी स्वतः नऊ दिवस गायब होते. मला कोणी काढलं नाही. सेनापतीला काढायचं बटणच नसतं.
माफी लिहायला बसले. पहिला खर्डा वि.ने वाचला. " 'अनवधानाने आपणांस वगळले गेल्याबद्दल…' ही माफी आहे की तहसीलदाराची नोटीस?"
"मग तू लिही."
"मी कुठे काढलाय त्याला?"
शेवटी हे पाठवलं : 'शंभू, चूक माझी. तुम्ही सांगितलं होतं, मी विचारलं नाही. बटण मीच दाबलं. तुमची जागा ठेवली आहे, परत या.' सोबत टोळीचं आमंत्रण.

२१ ऑगस्ट
सकाळी उत्तर. 'बरं वाटलं मॅडम. आज परत बोट सुटते. आमच्या वर्सोव्याच्या लोकांनी पण टोळी काढलीय, बोलावतायत. सगळे एकदम जातात, एकदम येतात, कोण कोणाला काढत नाय. बघतो.'
दोन मिनिटांनी आणखी एक : 'भिंत अजून तशीच आहे तुमची.'
'बघतो' या शब्दाचा मुंबईत अर्थ लावण्याइतकं व्याकरण मी शिकलेले नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
हरलो. आता सवय झाली.
शंभूच्या नावापुढे 'शेवटचं ऑनलाइन : ३ दिवसांपूर्वी'. आजवर ही ओळ मी आळस म्हणून वाचत आले. वर्गातल्या हजेरीसारखी. कोणी 'अनुपस्थित' असेल तर त्या वेळी तो दुसरीकडे कुठेतरी उपस्थित असतो, हे शिकवणाऱ्याच्या डोक्यात का येत नाही? माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरचे ते सगळे...
सवलतींत 'समुद्र' घातलं. लगेच जिग्नेश : "मग माझं मार्चएंड पण टाका, दीदी." टाकलं. कांदिवलीच्या एकीने सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन टाकायला लावलं. नियमाची पार वाट लागली. वाचायला मात्र आता जास्त बरा वाटतो.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. मोदकांची तयारी चाललेली, हात पिठात, आणि जिग्नेशचा फोन. वि.ने कानाला लावून धरला.
"दीदी, एक प्लेअर मिळालाय. मुलुंडचाच, तुमच्याच बाजूचा. जबरदस्त आहे. आजच घेऊ, नायतर हातातून जाईल."
"जागा शंभूची आहे."
"तो आला काय?"
"नाही."
"येतो बोलला?"
"बघतो म्हणाला."
"दीदी, यार… चार रविवार झाले जिंकून. लोक सोडून जातील."
खोटं नाही ते. दोघे कालच गेले, न सांगता; त्यांच्या जागा जिग्नेशने लगेच भरल्या. तीही चूक माझ्याच खात्यात जायला हवी.
हात धुऊन गेम उघडला. आमंत्रण तसंच पडलंय. स्वीकारलेलं नाही, नाकारलेलंही नाही. वर्सोव्याच्या टोळीत त्याचं नाव शोधलं. तिथेही अजून नाही. सकाळच्या पेपरात मच्छीमारांसाठी वाऱ्याचा इशारा होता. रोजच छापत असतील, मी आज वाचला.
जिग्नेशचा पुन्हा फोन. "ओके, थांबू. पण किती दिवस? एक आकडा सांगा, मी त्या प्लेअरला सांगतो."
सांगते म्हटलं. गेल्या वर्षी 'सात' हा आकडा किती पटकन सुचला होता.