कापसाच्या ढिगातली ऊब

पांढुर्णा, ९ जानेवारी १९८६

प्रिय नलू,

अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, हसू नको. मी शाळा पाहिली दुसरीपर्यंत. हे पत्र घरातल्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून दोन दिवसांपासून एकटीच लिहून राहिली.

दिवाळीत तू आली होती, तेव्हा मी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. दंवात वेचलेला ओला कापूस आत दडला की ढीग तापतो, वरून मात्र पांढराफेक. तेव्हा मी तुला टोचलं, एवढं शिकून त्या दुर्बिणीच्या डोंगरावर काय करून राहिली बाई? तू चिडली नाही. म्हणाली, आजी, तू करते तेच. नवी चांदणी धुळीच्या ढिगात दडलेली असते, डोळ्याला दिसत नाही, पण तिची ऊब बाहेर येते. तो न दिसणारा उजेड दुर्बिणीनं धरायचा, यंत्रानं पट्ट्यासारखा उलगडायचा, आणि कुठे काळी रेघ पडली ते पाहून भोवती काय आहे ते ओळखायचं. बर्फसुद्धा! एवढ्या गरम पोट्टी चांदणीभोवती बर्फ कसा, म्हणून मी भांडली. तू म्हणाली, चुलीजवळून उठून ओसरीत जा. ओसरीत ऊब पोचत नाही, पटलं मला. चांदणी मोठी होते तशी धूळ उडते, मग साऱ्यांना दिसते, हेही ध्यानात आहे.

तुझे आजोबा तर मी काही विचारलं की चुलीकडे बोट दाखवत. माझ्याजवळ बसून असं सांगणारी तू पहिली. आणि तू नागपूरला कॉलेजात निघाली तेव्हा दारात आडवी पडणारी मीच होती! चुकलंच माझं. तोंडावर म्हणवलं नसतं, कागदावर म्हणते, उपकार आहेत तुझे.

संत्री बरी उतरली. शनिवारी मी बसमध्ये उभ्यानं जामसांवलीला जाऊन मारुतीचं दर्शन घेऊन आली. तब्येत ठणठणीत.

ती तब्येतच कामाची आहे. सुरेशनं, तुझ्या बापानं, पंचवीस तारखेला सौंसरचे पाहुणे तुला पाहायला बोलावले. दुर्बीण तुला वर्षातून एकदाच मिळते, आणि तीही त्याच आठवड्यात, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून वीसला तो तार करणार, आजी बिमार, ताबडतोब ये. मी दाराआडून ऐकलं. येऊ नको. पाहुण्यांना चहा मी पाजते, आणि चार गोष्टीही ऐकवते. मी खरंच गेली, तर तारेत ‘कापूस’ हा शब्द घालायचा, अशी तारबाबू नत्थूजीला मारुतीची शपथ घातली आहे. तो शब्द नसला तर समज, म्हातारी ढिगात हात घालून बसली आहे. तूही तुझा हात काढू नको.

तुझीच, अजून जिती,
आजी केसरबाई