चिखलाच्या परीक्षेतला रुमाल

मंगळवार, मे १९७४. नागपूर.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज कारखान्यात नव्या पिस्तुलाची चिखलातली चाचणी होती. पुण्याहून साहेब आले होते. मी पिस्तूल चिखलाच्या बादलीत बुडवणार, तेवढ्यात म्हणाले, "आधी रुमालात गुंडाळा हो, नवा माल आहे." नवा माल म्हणे! उद्या हे पोलिसाच्या कमरेला लागणार. नाल्यात पडता पडता तो बिचारा रुमाल शोधत बसेल का?

गुंडाळलं. माझ्याच रुमालात. बुडवलं, काढलं, रुमाल सोडला आणि पन्नास गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. अडकेल कशी? सोबतचे गजानन मिस्त्री पुटपुटले, "पिस्तूल तपासून राहिलो का नवरदेवाले न्हाऊ घालून राहिलो गा?"

एवढा भरवसा होता, तर साहेब गोळीबाराच्या वेळी भिंतीमागे कशाला उभे होते?

अहवालात साहेबांनी लिहिलं, 'चिखलात उत्तम'. रुमालाचं नाव नाही. मी खाली सही केली.

घरी बायकोनं खिशातून रुमाल काढला. "काहून जी, एवढा चिखल? धुवाले टाकू?"

"राहू दे," म्हटलं. आज चिखल खाल्ला तो त्या रुमालानंच. मी नुसती सही केली.