तुझ्या तक्त्यातली चार शहरं

नालवाडी, वर्धा
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

चि. धीरज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. तिकडे तुम्ही तिघं खुशाल असालच. चार शहरांपैकी आपल्याला कोणतं शोभून दिसेल एवढीच ज्याला काळजी, तो खुशालच असतो. पीयूषला गोड पापा, सौ. गुंजनला आशीर्वाद. थंडी सुरू झाली आहे, दुकान बरं चाललं आहे.

तुझा मेल दिवाळीनंतर मिळाला. बजाज चौकातल्या सायबर कॅफेवाल्याने सहा पानं छापली आणि माझ्या हातात देण्याआधी स्वतः वाचून काढली. "मॅडम, कोपनहेगन घ्या," म्हणाला. तेव्हा पहिलं मत कोपनहेगनला पडलं असं समज. मी मेलने उत्तर देत नाही, कारण तुझे मेल गुंजनही वाचते आणि हे मला तुला एकट्याला लिहायचं आहे.

काय तो तक्ता! कंपनी ब्रसेल्सचं ऑफिस बंद करते, चारपैकी एक शहर निवडा म्हणते, इतकी साधी गोष्ट. पण तू व्हिएन्ना, झुरिक, कोपनहेगन, लिस्बन अशी ओळ मांडून वर हवा, शाळा, ट्राम, बागा, कॉफी, लोकांचा स्वभाव असे रकाने आखलेस आणि प्रत्येकाला तारे वाटलेस. कॉफीला वेगळा रकाना काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आठवीत असताना बाबांनी तुला चपला घ्यायला नेलं होतं. तू दोन जोड पायात घालून दोन तास बसलास आणि घरी आल्यावर रडलास, की दुकानात राहिलेला जोड जास्त चांगला होता. तोच तू आहेस. फक्त आता चपलांच्या जागी शहरं आली.

झुरिकला, तू लिहितोस, रविवारी कपडे धुतलेले शेजाऱ्यांना चालत नाहीत आणि रात्री दहानंतर बादली वाजली तर दारावर चिठ्ठी लागते. याला तू साडेचार तारे दिलेस. ते शहर आहे की वसतिगृह? कोपनहेगनची माणसं म्हणे जगात सगळ्यात सुखी, आणि हिवाळ्यात तिथे दुपारी साडेतीनला अंधार पडतो. अंधारात बसूनच सुखी व्हायचं तर नालवाडीने काय घोडं मारलंय? इथेही रोज चार तास लाइट जाते, आम्हाला कोणी तारे दिले नाहीत. व्हिएन्नाला संगीत आणि केक. तुला संगीत कधीपासून कळायला लागलं? गणपतीच्या आरतीला टाळ्या चुकवायचास तू. आणि लिस्बन का, तर तिथे भरपूर ऊन आहे! वर्ध्याचा माणूस ऊन शोधत समुद्राकाठी जातो. मे महिन्यात इकडे ये, पोटभर देते.

माणसाला आवडतं शहर असतं, हेही मला तुझ्या मेलमुळेच कळलं. मी अठ्ठेचाळीस वर्षं वर्ध्यात आहे. वर्धा आवडतं का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. सकाळी शटर वर करायचं, संध्याकाळी खाली ओढायचं. मधल्या वेळात स्टील, पितळ आणि जुनी भांडी मोडीत घालायला आलेल्या बायकांची कटकट.

असो. घोळ तुझ्या शेवटच्या ओळीने झाला. "आई, ताई, नानाजी मामा, तुम्हाला कोणतं शहर आवडलं ते कळवा." तुला ती गंमत वाटली असेल. आपल्याकडे घराबद्दल मत कोणाला विचारतात, हे तू पार विसरलास. हे घर बांधताना मामांनी जिना कुठे असावा ते सांगितलं, तर बाबा चारचौघांत म्हणाले होते, "तुमाले राह्याचं हाय का इथं?" मामा सहा महिने फिरकले नाहीत. बाबांनी विचारलं ते फक्त आईला, कारण ती राहणार होती. घर कसं हवं म्हणून विचारलं म्हणजे बोलावलं, असाच अर्थ होतो इथे. दोन वर्षांसाठी म्हणून चौऱ्याण्णव साली गेलास, बारा वर्षांत एवढंही डोक्यातून गेलं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू विचारलंस की कोणतं शहर हवं.

"मले इचारलं त्यानं?" आई म्हणाली. "मंग मले नेऊन राह्यला तो."

तेव्हापासून तिचे प्रश्न सुरू आहेत. "पानी कसं हाय तिथलं? तुरीची दाळ शिजते का त्या पान्यात? सैपाकघराची खिडकी कोनीकडं उघडते?" सहा पानांत एकाचंही उत्तर नाही. मामांनी झुरिक सांगितलं, तिथे शांतता आहे म्हणून. ज्या गावात मामा जातील तिथे ती किती दिवस टिकेल हा प्रश्न वेगळा. आईने मात्र दोन दिवस विचार केला आणि लिस्बन निवडलं. "तिथं उन्ह हाय म्हन्ते ना तो? नाई त पापड कुठं वाळवू मी?" सात टेकड्यांवरचं शहर, आणि हिला दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते.

मी तिला नागपूरला नेऊन पासपोर्टचा अर्ज दिला. चौकशीला पोलीस घरी आला तर तिने त्याला चिवडा दिला.

"कोनच्या गावाले जाऊन राह्यल्या आजी?" त्याने विचारलं.

"पोराकडं. गाव अजून ठरून राह्यलं," ती म्हणाली.

त्या बिचाऱ्याने काय लिहून घेतलं कोण जाणे.

गेल्या रविवारी तुझा महिन्याचा फोन आला तेव्हा ती याबद्दल अवाक्षर बोलली नाही. "आपुन होऊन इचारलं त घाई केल्यावानी दिसते," असं मला नंतर म्हणाली. थंडी किती असते, एवढंच ती तुला तीन-तीनदा विचारत होती. तुला वाटलं असेल, म्हातारीला दुसरं काही बोलायला सुचत नाही. तिला स्वेटर किती घ्यायचे ते ठरवायचं होतं, शहाण्या.

आणि या मंगळवारी मी दुकानातून आले तर स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या. बाबांनी आपल्या हाताने तिचं नाव कोरलेली भांडी तिने वाटून टाकली. पाण्याचा पितळी गुंड शेजारच्या अनुसयाबाईंकडे गेला. तांब्याचं घंगाळ, परात, पुरणयंत्र, सगळं दोन गल्ल्यांत पोचलं. आम्हा दोघींपुरती चार स्टीलची भांडी ठेवली आहेत. "तिकडं त्याच्याकडं असनच सारं," म्हणाली. भांड्यांच्या दुकानदाराची बायको, आयुष्यात कोणाला चमचा फुकट दिला नाही तिने. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू आलं, हे तुला सांगायला मला अजिबात आवडत नाही.

आता तू विचारशील, ताई, तू तिला त्याच दिवशी खरं का नाही सांगितलंस? लाइट गेली. उरलेलं नंतर लिहीन.

बुधवार, २२ नोव्हेंबर

लाइट अर्ध्या तासात आली होती. पत्र तीन दिवस दुकानातल्या गल्ल्याखाली पडून होतं ते माझ्या भित्रेपणामुळे.

आईचा गैरसमज झाला असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. तू मत विचारलंस म्हणून तिला आशा वाटली, पण खात्री नव्हती. ती मला म्हणाली, "पुन्हा वाच वं. त्याचं घर कसं राह्यन ते वाच." तू प्रत्येक शहराखाली लिहिलं होतंस की तीन खोल्या मिळतील, एक आमची, एक पीयूषची, तिसरी अभ्यासासाठी. मी इंग्रजीतून वाचून तिला मराठीत सांगत होते. तिसरी आईची, असं मी सांगितलं. व्हिएन्नाला सांगितलं, झुरिकला सांगितलं, चारही शहरांत सांगितलं. एखाद्या वेळी जीभ घसरली म्हणता येतं. चार वेळा म्हणता येत नाही. तुझ्या तक्त्याला मी इतकी नावं ठेवली, पण या सगळ्या प्रकारात सगळ्यात नीच काम माझंच आहे.

का केलं तेही ऐक. पवनारचे दौलतराव तुला आठवणार नाहीत. धाम नदीच्या काठी त्यांचा भाजीचा मळा आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाजारच्या दिवशी दुकानात येतात. गेल्या वर्षी त्यांनी एकाच मापाची तीन पातेली नेली. एकट्या माणसाला इतकी पातेली कशाला, असं मी फटकन विचारलं, तर माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यांना बोलायला त्यानंतर आठ महिने लागले. एप्रिलमध्ये विचारलं त्यांनी. धीरज, मला लग्न करायचं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मला तो माणूस आवडतो. हसायचं असेल तर पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच.

ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आईले संगं घेऊन या. दोन खोल्या रिकाम्याच हायेत." मी आईला सांगितलं. तिने मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "मानूस चांगला हाय. तू जाजो. पन लेकीच्या घरी राह्यत असते का कोनी? मी त तिथं पानीबी नाई पिनार. मी राह्यतो इथंच, एकटी."

एकटी! मे महिन्यात गॅसवर दूध ठेवून ती झोपून गेली, पातेल्याचा कोळसा झाला. पावसाळ्यात न्हाणीत पडली, तेव्हा कडी तोडून मी तिला बाहेर काढलं. तुला कळवलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. तुझ्यामागे कामं फार आहेत, असं तिला वाटतं. तक्ते आखायचे असतात तुला.

लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, हा अडाणीपणा आहे. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. दौलतरावांनी समजावलं, मामांनी पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलून पाहिलं. ती हसते आणि विषय बदलते. ती राहील अशी घरं दोनच आहेत, एक हे आणि एक मुलाचं. मुलाचं घर कुठे आहे याने तिला फरक पडत नाही. म्हणून तुझ्या मेलमध्ये तिसरी खोली दिसली तेव्हा मी ती तिला देऊन टाकली. माझी नव्हतीच, द्यायला काय जातं.

दौलतरावांना यातलं काही माहीत नाही. "पोरगा नेऊन राह्यला ना आईले, मंग फेब्रुवारीत उरकून टाकू," असं ते म्हणतात. त्यांच्या खरेपणापुढे मला हल्ली मान वर करून बसता येत नाही.

तू आता नियम सांगशील. व्हिसाचे, विम्याचे, कुठलेकुठले. असतील नियम. पण चारपैकी एखाद्या देशात तरी म्हाताऱ्या आईला ठेवून घ्यायची काही वाट असेल, ती शोध. कॉफीवर जितकं लिहिलंस त्याच्या निम्म्या मेहनतीत होईल. जिथे ती सापडेल ते तुझं आवडतं शहर. पायऱ्या कमी असल्या तर बरं. आणि कुठेच नसेल तर पाचवं शहर तुला ठाऊक आहे. तिथे ट्राम नाही, पण तुझं घर आहे. गुंजनला काय वाटेल तेही मला कळतं. तिचं म्हणणं चुकीचं असेल असं मी म्हणत नाही. पण ते तिने आणि तू मिळून आईला सांगा, माझ्याकडून वदवून घेऊ नका.

तू नाही म्हणालास तर मी दौलतरावांना नकार कळवीन. अनुसयाबाईंच्या दारात गुंड परत मागायला मीच जाईन, आईला पाठवणार नाही. मग आम्ही दोघी इथे राहू, तू चार शहरांतून एक घे, आणि यावर मी पुन्हा एक शब्दही लिहिणार नाही. खोटं मी वाचलं, हे तिला सांगायचं असेल तर खुशाल सांग. मी नाकारणार नाही.

पत्र रजिस्टरने पाठवते आहे, दहा-बारा दिवसांत मिळेल. कंपनीला तुला पंधरा डिसेंबरपर्यंत कळवायचं आहे. दहा तारखेला रविवार आहे, तुझ्या फोनचा दिवस. मी उचलणार नाही, आई उचलेल. या वेळी ती लाजणार नाही, कारण आता तिच्याकडे भांडी उरलेली नाहीत. "मी कवा निघू?" एवढंच ती विचारेल.

तिला हल्ली कमी ऐकू येतं. तेव्हा जे सांगशील ते मोठ्याने सांग. मी स्वयंपाकघरात उभी असेन, मलाही ऐकायचं आहे.

तुझी
रीताताई